संकरित मोटारींच्या बॅटरीतील विद्युत संवेदकांचे दोषनिदान : एक ऐतिहासिक आढावा

१. प्रस्तावना

मोटारीच्या बॅटरीत बिघाड झाला आहे, असे वाहनातील संगणक जेव्हा सांगतो, तेव्हा त्याने बॅटरी प्रत्यक्ष पाहिलेली नसते. विद्युतदाब, विद्युतधारा आणि तापमान मोजणाऱ्या संवेदकांनी, म्हणजेच सेन्सरांनी, पुरविलेल्या आकड्यांवरून त्याने काढलेला तो निष्कर्ष असतो. हे आकडे खरे असतील तर निष्कर्ष बहुधा खरा ठरतो. परंतु आकडा देणारा संवेदकच बिघडला असेल, तर निरोगी बॅटरी रोगी ठरते किंवा रोगी बॅटरी निरोगी ठरते. पहिल्या चुकीची किंमत वाहनधारकाला पैशांत मोजावी लागते, तर दुसरीची किंमत काही वेळा आगीच्या रूपाने मोजावी लागते.

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर या दोहोंच्या साहाय्याने चालणाऱ्या संकरित, म्हणजेच हायब्रिड, मोटारींचा इतिहास बहुधा इंधनबचतीचा किंवा प्रदूषणनियंत्रणाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्याच्या पोटात आणखी एक इतिहास दडलेला आहे. मोजमाप करणाऱ्या साधनावर विसंबून राहण्याच्या अवस्थेपासून त्या साधनाचीच परीक्षा घेण्याच्या अवस्थेपर्यंत तंत्रज्ञान कसे पोहोचले, याचा तो इतिहास होय. प्रस्तुत लेखात या वाटचालीतील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला असून, दोष बॅटरीचा की संवेदकाचा हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून तो कायदा, अर्थव्यवहार आणि कारागिराचे कौशल्य यांच्याशीही निगडित आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

२. उघडून पाहता येणारी बॅटरी

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा प्रभारित करता येणारा शिसे-आम्ल घट तयार केला. या घटाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यातील आम्लाचे प्रमाण घटाच्या प्रभारानुसार बदलते. घट रिकामा होऊ लागला की आम्ल विरळ होते व त्याची घनता कमी होते. त्यामुळे झाकण उघडून, हायड्रोमीटर बुडवून प्रत्येक घटाची अवस्था स्वतंत्रपणे पाहता येत असे. मोजण्याचे साधन तपासणाऱ्याच्या हातात होते. त्याच्याविषयी शंका आली तर दुसरे साधन घेऊन पडताळा करणे अवघड नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत मोटारी रस्त्यावर आल्या. व्हिएन्ना येथील लोनर कंपनीसाठी फर्डिनांड पोर्शे याने १९०० च्या सुमारास पेट्रोल इंजिन आणि बॅटरी यांचा संयोग असलेले वाहन तयार केले. संकरित मोटारीच्या आद्य नमुन्यांत त्याची गणना होते. त्या काळातील विद्युत वाहनांत व्होल्टमीटर आणि अँपिअर-तास मोजणारे मापक बसविलेले असत. परंतु त्यांचे वाचन करणारा माणूसच होता. काटा विचित्र वागू लागला, तर दोष काट्याचा की बॅटरीचा याचा निवाडा चालक किंवा कारागीर स्वतःच्या अनुभवावरून करी. वाहनाचा कोणताही निर्णय त्या काट्यावरून आपोआप होत नसे, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

पुढे पेट्रोल इंजिनाच्या वर्चस्वामुळे बॅटरीचे स्थान मोटार सुरू करण्यापुरते व दिवे लावण्यापुरते मर्यादित झाले. १९७० च्या दशकातील वायुप्रदूषण आणि तेलसंकट यांमुळे संकरित मोटारीचा विचार पुन्हा पुढे आला. अमेरिकी अभियंता व्हिक्टर वूक याने एका ब्यूइक मोटारीचे संकरित वाहनात रूपांतर केले व १९७४ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याची चाचणी घेतली. १९७६ मध्ये अमेरिकी संसदेने विद्युत आणि संकरित वाहनांच्या संशोधनासाठी स्वतंत्र कायदा केला. तथापि, शेकडो घटांवर क्षणोक्षणी लक्ष ठेवू शकेल असे स्वस्त इलेक्ट्रॉनिक नियंत्रण त्या वेळी उपलब्ध नव्हते.

३. बंद पेटी आणि तिचे तीन साक्षीदार

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटा प्रियसची विक्री सुरू झाली आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेली पहिली संकरित मोटार बाजारात आली. तिच्या बॅटरीत निकेल-धातू हायड्राइड प्रकारचे २४० घट एकसरीत जोडलेले होते व त्यांचा एकत्रित विद्युतदाब २८८ व्होल्ट होता. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ही संख्या १६८ घटांवर आली. सहा घटांचा एक याप्रमाणे २८ संच, दोन संचांचा एक गट याप्रमाणे १४ गट, एकूण विद्युतदाब २०१.६ व्होल्ट आणि धारिता ६.५ अँपिअर-तास, अशी तिची रचना होती.

हे घट मोहोरबंद होते. त्यांत हायड्रोमीटर बुडविण्याची सोय नव्हती, आणि तसे करूनही उपयोग झाला नसता, कारण या घटांतील अल्कधर्मी द्रावणाची घनता प्रभारानुसार शिसे-आम्ल घटाप्रमाणे बदलत नाही. शिवाय इतका उच्च विद्युतदाब असलेली पेटी उघडणे प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. अशा प्रकारे बॅटरी पाहण्याची वस्तू राहिली नाही, ती अनुमानाची वस्तू बनली. हे अनुमान तीन प्रकारच्या संवेदकांवर उभे होते आणि या तिन्हींच्या मुळाशी एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्र होते.

पहिला प्रकार विद्युतदाबाच्या मोजणीचा. प्रत्येक गटाच्या टोकांपासून निघालेल्या बारीक तारा बॅटरी-नियंत्रकापर्यंत जात व प्रत्येक गटाचा दाब स्वतंत्रपणे मोजला जाई. दुसरा प्रकार विद्युतधारेच्या मोजणीचा. एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामाचा उपयोग करून, तारेला स्पर्श न करता, तिच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून धारा मोजली जाई. तिसरा प्रकार तापमानाच्या मोजणीचा. तापमान वाढले की रोध कमी होणारा पदार्थ मायकेल फॅरेडे याला १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडच्या रूपाने आढळला होता. त्याच तत्त्वावरील थर्मिस्टर बॅटरीच्या तळाशी बसविलेले होते.

या प्रत्येक साक्षीदाराची खोटे बोलण्याची रीत वेगळी आहे. थर्मिस्टरची तार तुटली तर रोध अमर्याद वाढतो आणि नियंत्रकाला बॅटरी कमालीची थंड असल्याचे भासते. तोच थर्मिस्टर लघुपरिपथित झाला, म्हणजे शॉर्ट झाला, तर बॅटरी कमालीची तप्त भासते. असे टोकाचे आकडे सहज ओळखता येतात. धारासंवेदकाचा दोष अधिक फसवा असतो. शून्य धारा असताना त्याने केवळ १ अँपिअर दाखविला, तर आकडा मर्यादेतच असल्याने संशय येत नाही. परंतु धारेची काळानुसार बेरीज करून प्रभाराचा हिशेब ठेवला जात असल्याने एका तासात १ अँपिअर-तासाची चूक साचते. ६.५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ही चूक सुमारे १५ टक्के होते. बॅटरी जवळजवळ रिकामी असताना ती पुरेशी भरलेली आहे असे नियंत्रक समजतो, किंवा याच्या उलट घडते. रक्षणासाठी नेमलेल्या संवेदकामुळेच बॅटरीची हानी व्हावी, हा कुंपणानेच शेत खाण्याचा प्रकार होय.

४. कायद्याने दिलेले वळण

संवेदकाची परीक्षा घेण्याची सक्ती प्रथम बॅटरीसाठी झाली नाही, ती इंजिनाच्या धुरासाठी झाली. कॅलिफोर्निया राज्याच्या वायुसंसाधन मंडळाने १९८८ च्या मोटारींपासून वाहनातच दोषनिदानाची सोय असणे बंधनकारक केले. या पहिल्या पिढीच्या प्रणाली प्रामुख्याने तार तुटली आहे का, आकडा मर्यादेबाहेर गेला आहे का, एवढेच पाहत. त्यापुढील दुसऱ्या पिढीची प्रणाली १९९६ च्या मोटारींपासून संपूर्ण अमेरिकेत अनिवार्य झाली आणि तिच्यात एक मूलगामी कल्पना आली. संवेदकाचा आकडा मर्यादेत असणे पुरेसे नाही, वाहनाच्या इतर स्थितीशी ताडून पाहता तो तर्कसंगतही असला पाहिजे, अशी ही अपेक्षा होती. रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या वाहनातील एक तापमान-संवेदक इतरांपेक्षा फार वेगळा आकडा देत असेल, तर तो आकडा एरवी शक्य कोटीतील असूनही त्या क्षणी संशयास्पद ठरतो.

न्यायव्यवहारात एका साक्षीदाराच्या जबानीला दुसऱ्याच्या जबानीचा आधार शोधला जातो, तसाच हा विचार होय. संकरित मोटारींच्या बॅटरी-नियंत्रकाला हा वारसा आयता मिळाला आणि बॅटरीची रचना त्याला अनुकूलही ठरली. गुस्ताव किरखोफ याने १८४५ मध्ये मांडलेल्या नियमांनुसार एकसरीत जोडलेल्या सर्व घटांतून एकच धारा वाहते आणि सर्व गटांच्या विद्युतदाबांची बेरीज एकूण विद्युतदाबाइतकी असते. ही बेरीज जुळली नाही, तर मोजणीतच चूक आहे असे समजण्यास जागा असते. दोन शेजारच्या गटांमधील सामाईक मोजतार तुटली, तर एका गटाचा दाब अवाजवी वाढलेला व शेजाऱ्याचा तितकाच घटलेला दिसू शकतो, परंतु दोहोंची बेरीज बदलत नाही. खऱ्या घटाच्या बिघाडात अशी जुळवाजुळव सहसा आढळत नाही. त्याचप्रमाणे मुख्य संयोजक उघडा असताना धारा शून्यच असली पाहिजे. त्या क्षणी धारासंवेदक जो आकडा दाखवील, तो त्याचाच दोष होय.

५. दोषसंकेत आणि कार्यशाळा

दोष नोंदविण्यासाठी अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने पाच चिन्हांचे प्रमाणित संकेत ठरविले. संकरित वाहनांसाठी त्यांत पुढे नव्या संकेतांची भर पडली. यांपैकी ‘पी०एसी०’पासूनचे काही संकेत बॅटरीच्या धारासंवेदकाविषयी बोलतात. टोयोटाच्या स्वतःच्या यादीतील ‘पी३०३०’ हा संकेत बॅटरी व नियंत्रक यांच्यातील जोडणी तुटल्याचे सांगतो. हे संकेत साक्षीदाराविषयी आहेत. याउलट कार्यशाळांत सर्वाधिक धास्ती असलेल्या ‘पी०ए८०’ या संकेताचे प्रमाणित वर्णनच ‘हायब्रिड बॅटरी पॅक बदला’ असे आहे. हा संकेत रोगाचे नाव सांगत नाही, तो थेट उपचार सांगतो. निदानाच्या भाषेच्या इतिहासात ही लहानशी वाटणारी बाब मोठी अर्थपूर्ण आहे.

या आज्ञेचे शब्दशः पालन केले तर काय होऊ शकते, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. घटसंचांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर गंज चढून एखाद्या जोडणीचा रोध केवळ ५ मिलिओहमने वाढला आणि त्यातून १०० अँपिअर धारा वाहिली, तर ओहमच्या नियमानुसार तेथे अर्धा व्होल्ट खर्च होतो. १४.४ व्होल्टच्या गटात अर्ध्या व्होल्टची तूट म्हणजे तो गट अशक्त झाल्याचे लक्षण नियंत्रकाला वाटू शकते. वस्तुतः घट धडधाकट असतात, दोष जोडणीचा असतो. अनुभवी कारागीर हा भेद काळाच्या अंगाने ओळखतो. गंजामुळे होणारी तूट धारेबरोबर तत्क्षणी येते आणि धारा थांबताच नाहीशी होते. अशक्त घटाचा दाब मात्र भार कायम राहिल्यास हळूहळू ढासळत जातो व नंतर सावकाश सावरतो. पहिल्या प्रकारात पट्ट्या स्वच्छ करणे किंवा बदलणे पुरते, दुसऱ्यात घटसंच बदलावा लागतो.

अमेरिकेत टोयोटाने संकरित वाहनाच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख मैल अशी हमी दिली होती. पहिल्या पिढ्यांतील वाहनांची हमी संपू लागली, तेव्हा संपूर्ण बॅटरीचा खर्च वाहनधारकांवर येऊ लागला आणि हा नीरक्षीरविवेक आर्थिकदृष्ट्या कळीचा ठरला. संकेत वाचण्याचे साधन व दुरुस्तीची माहिती कोणाच्या हाती असावी, हा वादही याच सुमारास तीव्र झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला आणि २०२० मध्ये दूरसंचाराद्वारे पाठविल्या जाणाऱ्या वाहनविषयक माहितीपर्यंत त्याची व्याप्ती वाढविण्यास मतदारांनी कौल दिला. निदान हे ज्ञान आहे तसेच ते सत्ताही आहे, हे या वादाने अधोरेखित केले.

६. गणिती प्रतिरूप : अदृश्य साक्षीदार

एका संवेदकाची पडताळणी करण्याचा सरळ मार्ग म्हणजे शेजारी दुसरा संवेदक बसविणे. विमानांत हा मार्ग अवलंबिला गेला, परंतु मोटारीत त्याने खर्च, वजन आणि जोडण्या वाढतात. पर्यायी मार्ग नियंत्रणशास्त्रातून आला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रिचर्ड बिअर्ड याने १९७१ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात, प्रणालीचे गणिती प्रतिरूप बाळगून त्याच्या अपेक्षित वर्तनाशी प्रत्यक्ष मोजमापाची तुलना करण्याची पद्धत मांडली गेली. अपेक्षित आणि मोजलेला आकडा यांतील फरक लहान राहिला तर सर्व ठीक, तो वाढला तर दोष, आणि तो ज्या दिशेने वाढला त्यावरून दोषाचे स्थान, असे या विचाराचे थोडक्यात स्वरूप आहे.

बॅटरीच्या क्षेत्रात या विचाराला गती मिळाली ती रुडॉल्फ काल्मन याने १९६० मध्ये मांडलेल्या गाळणी-पद्धतीमुळे. गोंगाटयुक्त मोजमापांतून खऱ्या स्थितीचा अंदाज घेण्याची ही गणिती रीत आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील ग्रेगरी प्लेट याने २००४ मध्ये तीन भागांच्या लेखमालेत संकरित वाहनांच्या बॅटरीसाठी तिचा विस्तृत उपयोग दाखविला. धारा व तापमान यांवरून प्रतिरूप विद्युतदाबाचे भाकीत करते, मोजलेल्या दाबाशी ते ताडले जाते आणि चुकीच्या प्रमाणात प्रभाराचा अंदाज सुधारला जातो. या पद्धतीचा आरंभीचा हेतू प्रभार ओळखण्याचा होता. परंतु भाकीत आणि मोजमाप यांतील फरकच संवेदकाच्या दोषाचा पुरावा होऊ शकतो, हे पुढील संशोधकांनी ओळखले. २०१० नंतर अमेरिका आणि चीन येथील विद्यापीठांतून लिथियम-आयन बॅटरीतील संवेदक-दोषांचा शोध घेणारे संशोधन मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध होऊ लागले.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. बॅटरी जुनी होते तसे तिचे गुणधर्म बदलतात आणि प्रतिरूप मात्र जुन्याच बॅटरीचे चित्र बाळगून राहते. अशा वेळी दिसणारा फरक संवेदकाचा, बॅटरीचा की प्रतिरूपाचा, असा तिहेरी पेच निर्माण होतो. म्हणूनच काही संशोधकांनी मोजणीच्या रचनेतच बदल सुचविला. बिंग शिया आणि ख्रिस मी यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या रचनेत प्रत्येक दाबसंवेदक एका घटाऐवजी लगतच्या दोन घटांची बेरीज मोजतो. परिणामी घट बिघडला तर दोन संवेदक एकाच वेळी तक्रार करतात, संवेदक बिघडला तर तो एकटाच वेगळे बोलतो. साक्षीदारांची संख्या फारशी न वाढविता त्यांच्या जबान्या परस्परांत गुंफण्याची ही युक्ती जितकी साधी तितकीच मार्मिक आहे.

७. लिथियम-आयन बॅटरी आणि वाढलेली जोखीम

२००९ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस ४०० या संकरित मोटारीत लिथियम-आयन बॅटरी वापरली गेली व त्यानंतर हा प्रकार रूढ होत गेला. निकेल-धातू हायड्राइड घट थोडासा अतिप्रभार आंतरिक रासायनिक क्रियेने पचवू शकतो. लिथियम-आयन घटाला ती मुभा नाही. प्रचलित प्रकारांपैकी अनेकांत ४.२ व्होल्टच्या आसपासची मर्यादा कटाक्षाने पाळावी लागते. तेथे दाबसंवेदकाने प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखविला, तर प्रभारण थांबत नाही आणि अतितापनाचा धोका उद्भवतो. त्यामुळे प्रत्येक घटाचा दाब स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक ठरले. २००८ मध्ये आलेल्या ‘एलटीसी ६८०२’सारख्या एकात्मिक परिपथात १२ घटांचे दाब मोजण्याची आणि मोजतार तुटल्याचे ओळखण्याचीही सोय होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयएसओ २६२६२’ या आंतरराष्ट्रीय मानकाने वाहनातील विद्युत व इलेक्ट्रॉनिक प्रणालींच्या बिघाडांचा पद्धतशीर विचार करण्याची चौकट घालून दिली.

याच वर्षी अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट या, बाहेरून प्रभारित करता येणाऱ्या, मोटारीची मे महिन्यात आघात-चाचणी घेण्यात आली आणि सुमारे तीन आठवड्यांनी, जूनमध्ये, उभ्या असलेल्या त्या वाहनाला आग लागली. आघातात बॅटरी व तिची शीतकयंत्रणा यांना इजा झाली होती. जानेवारी २०१२ मध्ये उत्पादकाने जाहीर केलेल्या सुधारणांत बॅटरीभोवतीची संरचना बळकट करण्याबरोबरच शीतकाची पातळी पाहणारा नवा संवेदक बसविण्याचा समावेश होता. अपघातातून धडा घेऊन संवेदक वाढविणे स्वाभाविक आहे, मात्र प्रत्येक नवा संवेदक हा स्वतः बिघडू शकणारा नवा घटकही असतो.

८. भारतीय संदर्भ

भारतात चारचाकी वाहनांत दोषनिदान प्रणालीची सक्ती भारत स्टेज ४ मानकांच्या अनुषंगाने एप्रिल २०१० पासून पहिल्या व एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात झाली. होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये, तर प्रियस २०१० मध्ये भारतीय बाजारात आली. या मोटारी महाग असल्याने त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. २०२२ मध्ये कर्नाटकातील बिडदी येथे निर्मिलेल्या मारुती ग्रँड विटारा व टोयोटा हायरायडर या मोटारींनी संकरित तंत्रज्ञान मध्यमवर्गीय ग्राहकाच्या अधिक जवळ आणले. त्याच वर्षी विद्युत दुचाकींना लागलेल्या आगींच्या पार्श्वभूमीवर बॅटरी-सुरक्षेच्या भारतीय मानकांत कडक सुधारणा करण्यात आल्या. वाहन-मानकांच्या या कामाशी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा, म्हणजेच ‘एआरएआय’चा, निकटचा संबंध आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले व त्यात वाहन क्षेत्राचा समावेश केला.

या मोटारी हमीच्या मुदतीबाहेर जाऊ लागतील तेव्हा दोष बॅटरीचा की संवेदकाचा हा प्रश्न गावोगावच्या गॅरेजपर्यंत पोहोचेल. संकेत वाचून दाखविणारे यंत्र विकत घेता येते, संकेताविषयी शंका घेण्याची शिस्त शिक्षणातूनच येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि विज्ञान महाविद्यालये यांच्या अभ्यासक्रमांत उच्च विद्युतदाबाच्या सुरक्षिततेबरोबर या शिस्तीलाही स्थान मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे. त्यासाठी लागणारे मूलभूत ज्ञान नवे नाही. ओहम आणि किरखोफ यांचे नियम पदवीपूर्व वर्गांत शिकविलेच जातात. ते उदाहरणे सोडविण्यापुरते न ठेवता मोजमापाची उलटतपासणी घेण्यासाठी कसे वापरावेत, हे शिकविण्याची गरज आहे.

९. समारोप

प्लांतेच्या घटाचे झाकण उघडून आम्लाची घनता पाहणारा कारागीर आणि संगणकाच्या पडद्यावर चौदा गटांचे आकडे पाहणारा तंत्रज्ञ यांच्यात सुमारे शतकभराचे अंतर आहे. पहिल्याच्या हाती साधन होते आणि निर्णयही. दुसऱ्याच्या हाती येतो तो यंत्राने आधीच घेतलेला निर्णय. या अंतरात मोजमापाची अचूकता अनेक पटींनी वाढली, त्याचबरोबर मोजमापावरील अवलंबित्वही वाढले. आकडा मर्यादेत आहे का, तो तर्कसंगत आहे का, प्रतिरूपाशी जुळतो का आणि शेजारच्या संवेदकाशी सुसंगत आहे का, असे प्रश्न क्रमाक्रमाने विचारले गेले आणि त्यांतून संवेदकाच्या साक्षीची उलटतपासणी विकसित होत गेली.

यांपैकी कोणत्याही टप्प्याने आधीच्या टप्प्याला निरुपयोगी ठरविले नाही. काल्मनच्या पद्धतीने चालणाऱ्या नियंत्रकालाही गंजलेल्या पट्टीची ओळख पटविण्यासाठी अखेर ओहमच्या नियमाकडे आणि पट्टी हातात घेऊन पाहणाऱ्या माणसाकडे वळावे लागते. बॅटरी बदला असे यंत्राने सांगितल्यावर हे कोणाच्या साक्षीवरून ठरले, असा प्रश्न विचारू शकणारा तंत्रज्ञ घडविणे हे वाहन-उद्योगाइतकेच शिक्षणव्यवस्थेचेही उत्तरदायित्व होय.